घोड्याच्या डोळ्यातला जंत: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दिवाळीच्या आगेमागे फोन येतो. "डॉक्टर, घोडीच्या डोळ्यात पांढरा दोरा फिरतोय." कधीपासून विचारलं की कळतं, दोरा काल दिसला, पण पाणी गळायला लागून तीन आठवडे झालेत. त्या तीन आठवड्यांत मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब संपलेली असते, जंताची पेस्ट तोंडात मारून झालेली असते आणि कुणी जाणत्याने तंबाखूचं पाणीही डोळ्यात सोडलेलं असतं.

यातली पेस्ट बाद नाही, ट्यूबही काही डोळ्यांना चालते. तंबाखू तेवढा कुठेच चालत नाही. मुळात घोळ होतो तो क्रमात. शेवटी करायचं ते आधी केलं जातं, आणि ज्या दोन गोष्टी पहिल्या दिवशी पाहायला हव्यात त्या कुणी पाहतच नाही: जंत डोळ्यावर आहे की डोळ्यात, आणि बुबुळावर जखम आहे की नाही. हा लेख त्या क्रमासाठी आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडे बैलगाड्यापुढे पळणारी घोडी असो, पुण्यातला वरातीचा घोडा असो की रायडिंग क्लबातला, पायऱ्या त्याच.

## आधी हाताशी काय हवं

बारीक झोताची टॉर्च. मोबाइलचा दिवा चालतो, पण त्याचा उजेड पसरतो, म्हणून पुठ्ठ्याला करंगळीएवढं भोक पाडून दिव्यासमोर धरा. सलाइनची न उघडलेली बाटली, निर्जंतुक गॉझ, माशांपासून डोळे झाकणारी जाळीची झापड आणि घोड्याच्या ओळखीचा एक माणूस. ओळखीचा माणूस टॉर्चपेक्षा महत्त्वाचा. अनोळखी हाताने मोहरकी धरली की घोडं मान वर फेकतं आणि तुमचं बोट नेमकं डोळ्यात जातं.

वरच्या ओठाला दोरीचा पीळ लगेच देऊ नका. डोळ्यावर ताण येतो, आणि बुबुळ आधीच जखमेने पातळ झालेलं असेल तर ते फुटू शकतं. तुम्हाला या टप्प्यावर फक्त पाहायचं आहे.

## टप्पा १: अंधारात, लांबून, हात न लावता

घोडा तबेल्यात सावलीला घ्या. संध्याकाळ असेल तर उत्तम. समोर तीन-चार फुटांवर उभे राहून दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस पाहा. निरोगी डोळ्याचे केस जवळजवळ आडवे, पुढे रोखलेले असतात. दुखऱ्या डोळ्याचे केस खाली झुकतात. पाणी गळायच्या आधी कितीदा तरी एवढीच खूण दिसते. पण दोन्ही डोळे शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय ती लक्षात येत नाही.

मग बाजूला या. टॉर्च आपल्या गालाला लावून धरा आणि झोत बुबुळावर तिरका टाका. समोरून टाकलात तर नुसती चकाकी दिसेल. बुबुळाची पुढची काच आणि बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा यांच्यामध्ये पाण्याने भरलेली पोकळी असते. तिरक्या झोतात ती मत्स्यालयाच्या काचेतून पाहावं तशी दिसते. जंत असेल तर तिथे शिवणाच्या दोऱ्याएवढा पांढरा धागा वळवळताना दिसतो. तो सरकत नाही, पोहतो. इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, सुटतो, पुन्हा वळतो.

दिसला नाही तर पाच मिनिटं दिवा बंद करा आणि पुन्हा पाहा. जंत बाहुलीतून मागच्या बाजूला जाऊन बसतो आणि थोड्या वेळाने परत पुढे येतो. "काल दिसला होता, आज नाही, म्हणजे गेला असणार" असं धरून बसलेल्यांचे बरेच डोळे गेले आहेत.

गल्लत करू नका. बाहुलीच्या वरच्या कडेला काळपट-तपकिरी, द्राक्षाच्या छोट्या मण्यांसारखे गोळे लोंबताना दिसतील. ते प्रत्येक घोड्याला असतात आणि उन्हापासून बाहुलीला आडोसा देतात. बुबुळाच्या डाव्या-उजव्या टोकाला दिसणारी करडी रेघही नैसर्गिक आहे. हे गोळे म्हणजे "गाठ" असं कुणी सांगितल्यामुळे एका मालकाने घाबरून घोडाच विकायला काढला होता.

तपासा आणि लिहून ठेवा: कोणता डोळा, केव्हापासून, पाणी स्वच्छ की पिवळट, बुबुळ निळसर-पांढरं झालंय का, घोडा डोळा मिटून घेतो का. जंत दिसला तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. डॉक्टर येतील तेव्हा तो नेमका दडून बसलेला असेल.

## टप्पा २: डोळ्यावर की डोळ्यात?

घोड्याच्या डोळ्याशी मुख्यतः चार जातींच्या जंतांचा संबंध येतो. एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नसतं.

डोळ्याच्या आत, पोहणारा. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो सेटारिया. सेटारिया इक्विना हा घोड्याचाच जंत, एरवी पोटाच्या पोकळीत राहतो. सेटारिया डिजिटाटा मात्र गाई, बैल आणि म्हशींचा. तो त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं राहतो आणि सहसा त्यांना काही करत नाही. त्याची सूक्ष्म पिल्लं जनावराच्या रक्तात फिरतात. डास चावला की ती डासात जातात, तिथे साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या चाव्यात नव्या जनावरात उतरतात. तो चावा घोड्याला बसला की अळी वाट चुकते. परक्या अंगात भटकत ती कधी डोळ्यात शिरते, कधी मज्जारज्जूत. डोळ्यात ती दोन ते पाच सेंटिमीटर लांब दिसते. मज्जारज्जूत गेली तर घोडा मागच्या पायांत लुळा पडतो. कुमरी म्हणतात ती हीच.

आता आपल्या घाटाकडचं चित्र आठवा. घोडी आणि बैलजोडी एकाच छपराखाली, मधे शेणा-मुताचं डबकं. जंत ज्यांच्यात राहतो ते यजमान, डास आणि वाट चुकायला घोडी, तिन्ही एका ठिकाणी. घोडी धुवून-पुसून कितीही टापटीप ठेवली तरी बैलांच्या शेजारी बांधलेली असेल तर ती या जंताच्या वाटेवरच उभी आहे.

डोळ्यावर, पापणीखाली. थेलाझिया. हा डोळ्याच्या आत जात नाही. तिसऱ्या पापणीखाली आणि अश्रुनलिकेत राहतो, एक-दोन सेंटिमीटरचा. डोळ्याचं पाणी प्यायला येणाऱ्या माश्या त्याला पसरवतात. डोळा लाल होतो, चिपडं येतात, आणि पापणी हलली की पांढरा धागा पृष्ठभागावरून सरकून आत लपतो.

डोळ्याच्या कोपऱ्यात, गाठीच्या रूपात. हॅब्रोनेमा. मोठा जंत घोड्याच्या जठरात असतो, पण माश्या त्याच्या अळ्या डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यात सोडतात. तिथे न भरणारी, खाजणारी गाठ होते आणि तिच्यात तांदळाच्या कणीसारखे पिवळट कठीण दाणे लागतात. अंगावरच्या अशाच जखमांना बरसाती म्हणतात. इथे वळवळणारं काही दिसत नाही.

न दिसणारा. ऑन्कोसर्का. मोठा जंत मानेच्या जाड स्नायुबंधात राहतो आणि त्याची सूक्ष्म पिल्लं कातडीतून डोळ्यापर्यंत पोचतात. चिलटांसारख्या बारीक चावऱ्या माश्या त्याचा प्रसार करतात. डोळ्याला आतून सूज येते. निदान डॉक्टरांनीच करायचं.

आणि हेही ध्यानात घ्या, पाणी गळणाऱ्या प्रत्येक डोळ्यात जंत नसतो. गवताचं कुसळ, चाबकाचा फटकारा आणि पुन्हा पुन्हा उलटणारी आतली सूज यांची लक्षणं अगदी हीच असतात.

## टप्पा ३: डॉक्टर येईपर्यंत

डोळा मिटलेला, बुबुळ निळसर किंवा पांढरं, किंवा आत काही हलताना दिसलं, तर फोन त्याच दिवशी करा. ओळखीचे डॉक्टर नसतील तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. घोड्याच्या डोळ्याचं प्रकरण आहे हे फोनवरच सांगा, कारण प्रत्येकाकडे त्याची हत्यारं नसतात.

तोवर घोडा सावलीत ठेवा आणि झापड बांधा. दाराच्या कडा आणि खुंट्यांना गोणपाट गुंडाळा, कारण दुखणारा डोळा घोडा घासतोच. पापण्यांवरची चिपडं सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझने आतून बाहेरच्या कोपऱ्याकडे पुसा. प्रत्येक पुसण्याला नवा गॉझ घ्या.

हे अजिबात नको: तुरटीचं पाणी, मिठाची फक्की, चुना, रुईचा चीक, तंबाखू. यांनी आतल्या जंताला काही होत नाही, कारण तो काचेपलीकडे आहे. भाजते ती काच. डोळ्यावर "फूल पडलं" म्हणून ज्या घोड्यांना आणतात, त्यातल्या काहींचं फूल जंताने पाडलेलं असतं आणि काहींचं औषधाने.

जंताची पेस्टही अजून नको. कारण टप्पा ७ मध्ये आहे.

## टप्पा ४: आधी रंग, मग थेंब

तपासणीत एक गोष्ट मालकाने हक्काने मागावी अशी आहे: फ्लुरोसीनची पट्टी. नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला टेकवतात आणि नंतर धुतात. बुबुळावर जखम असेल तर तेवढाच भाग हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम.

ते का, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका काठेवाडी घोडीच्या डोळ्यात जंत दिसला. दिसला याच आनंदात मी होतो. मालक आधीपासून एक ट्यूब लावत होता. मी डबी पाहिली, प्रतिजैविक आहे एवढं वाचलं आणि "चालू ठेवा, परवा काढू" म्हणालो. त्या प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं, खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. खाली जखमही होती, पण मी रंग टाकला नव्हता. परवा गेलो तेव्हा बुबुळाचा मधला भाग लोण्यासारखा मऊ पडला होता. जंत निघाला, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही.

स्टेरॉइड सूज उतरवतं, डोळा दोन दिवस छान दिसतो, आणि जखम असेल तर तेवढ्याच दोन दिवसांत ती खोल जाते. म्हणून घरातल्या प्रत्येक ट्यूबवरची पूर्ण यादी वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही असेल तर रंगाची तपासणी होईपर्यंत ती ट्यूब कपाटात.

## टप्पा ५: जंत काढणं

डोळ्यावरचा थेलाझिया काढणं सोपं. बधिर करणारे थेंब टाकून डॉक्टर तिसरी पापणी उचलतात, चिमट्याने जंत काढतात आणि कोपरे सलाइनने धुतात. काही दिवसांनी पुन्हा तपासायचं, कारण अश्रुनलिकेतले नंतर बाहेर येतात. तोंडाने दिलेलं आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंताच्या पेस्टमधलं औषध, या जंतावर भरवशाचं नाही. हे काम घरच्या चिमट्याने करू नका. एक झटका बसला की चिमटा बुबुळात.

आतला सेटारिया मात्र शस्त्रक्रियेनेच निघतो. "थांबून बघू, मरेल आपोआप" हा सल्ला अर्धा खरा आहे. मरतो, पण डोळ्यातच मरतो, कुजतो, आणि त्या कुजण्याची सूज जिवंत जंतापेक्षा भारी असते. तो जिवंत असतानाच बाहेर यायला हवा.

तुमच्याकडची तयारी अशी. आदल्या रात्रीपासून चारा बंद. किती तास, ते डॉक्टर घोडा आडवा पाडणार की उभ्यानेच करणार यावर ठरवतील. पाणी त्यांना विचारून. जागा मऊ, सावलीची, धूळ नसलेली. जमीन आदल्या संध्याकाळी शिंपडून ठेवा. धरायला दोन माणसं, जास्त नकोत. बघ्यांना बाहेर ठेवा. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी दहा जण मोबाइल घेऊन उभे असतात.

डॉक्टरांचा क्रम साधारण असा: झायलाझिनसारखं गुंगीचं औषध, मग कान आणि डोळ्याच्या मधल्या नसेजवळ लिग्नोकेनचं इंजेक्शन, म्हणजे पापणी घट्ट मिटता येत नाही. डोळ्यावर बधिर थेंब. पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणाने धुणं. ते साबण नसलेलं द्रावण हवं, फेसाचं सर्जिकल स्क्रब डोळ्याला घातक. मग बुबुळ आणि पांढरा भाग जिथे जुळतात त्या कडेला टोकदार पात्याने किंवा जाड सुईने एक छोटं छिद्र. आतलं पाणी उसळून बाहेर येतं आणि बहुतेक वेळा जंत त्याच धारेत येतो. नाही आला तर चिमट्याने. छेद लहान असेल तर तसाच मिटतो, नाहीतर बारीक टाका. डोळा काही वेळ चपटा दिसेल. घाबरू नका, पाणी पुन्हा भरतं.

तपासा: जंत अख्खा निघाला का? पांढऱ्या ताटलीत सलाइन घालून त्यात ठेवा, दोन्ही टोकं पाहा. आणि दुसराही डोळा पाहा. एका डोळ्यात सापडला म्हणून शोध थांबवायचा नसतो.

हे सगळं आपल्या वाड्यात होणार नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारा रस्त्याला, खंबाटकी घाटाच्या अलीकडे. नेताना घोडं टेम्पोत तोंड बाहेर काढून उभं राहणार नाही असं बांधा. वाऱ्याने आणि धुळीने तासाभरात सुजलेल्या डोळ्याची वाट लागते.

## टप्पा ६: पुढचे चौदा दिवस

यातच सगळ्यात जास्त ढिलाई होते, कारण जंत ताटलीत पाहिला की मालकाच्या मनात काम संपलेलं असतं.

थेंब ठरलेल्या वेळीच घाला. पद्धत: डावा हात मोहरकीवर, घोड्याच्या डोक्यासोबत हलू द्या. उजव्या हाताची मूठ गालाच्या हाडावर टेकवा, म्हणजे डोकं हललं तरी बाटली सोबत हलेल. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मधे पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आणि थेंब आधी, मलम नंतर.

अॅट्रोपिन दिलं असेल तर बाहुली मोठी होते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून झापड आणि सावली. त्याहून मोठी गोष्ट पोटाची. डोळ्यात घातलेलं अॅट्रोपिन वारंवार दिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ होऊ शकतो. रोज लीद मोजा. दिवसाला आठ-दहा वेळा लीद टाकणारा घोडा तीन-चारवर आला, किंवा वळून कुशीकडे बघायला लागला, तर पुढचा थेंब घालण्याआधी डॉक्टरांना फोन.

सुजेसाठी फ्लुनिक्सिन लिहून दिलं असेल तर ते स्नायूत टोचू नका. घोड्याच्या स्नायूत त्याने कधीकधी जंतुसंसर्गाचा भयंकर गळू होतो. ते शिरेतून, आणि डॉक्टरांनीच.

बुबुळाचा पांढुरकेपणा दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. उशिरा आलेल्या डोळ्यात एखादा डाग कायम राहतो. दर तीन दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी फोटो काढा, म्हणजे सुधारतंय की नाही यावर वाद होणार नाही. वाढती सूज, पुन्हा मिटलेला डोळा किंवा पिवळट पू दिसला तर तारखेची वाट पाहू नका.

या काळात मागचे पाय वळताना अडखळतायत का, तेही पाहा. तसं असेल तर घोड्यावर बसू नका, लगेच कळवा. अळी एकच होती असं नाही.

## टप्पा ७: जंताची पेस्ट, आता

सेटारिया डोळ्यात असताना पेस्ट दिली तर दोनच गोष्टी होऊ शकतात: मोठ्या जंताला काही होत नाही, किंवा तो आतच मरतो. दोन्ही वाईट. म्हणून आधी काढणं, मग पेस्ट. हॅब्रोनेमात उलट, तिथे आयव्हरमेक्टिन हाच उपचाराचा कणा आहे. ऑन्कोसर्कात ते लागतं, पण डोळ्यात सूज असेल तर सुजेचं औषध आधी सुरू करून. पिल्लं एकदम मेली की डोळा भडकतो. काही घोड्यांना एक-दोन दिवसांत पोटाखाली सूजही येते.

आयव्हरमेक्टिनची मात्रा वजनावर, किलोला ०.२ मिलिग्रॅम. वजन अंदाजाने सांगू नका. मारवाडी-काठेवाडी घोड्यांचं वजन मालक शंभर किलोने इकडेतिकडे सांगतात. शिवणाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन साधारण २६५ किलो, आणि औषध ५३ मिलिग्रॅम.

गाई-बैलांचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. घोड्याची पेस्ट तोंडातूनच द्यायची. देण्याआधी तोंडातला घास काढा, नाहीतर पेस्ट घासाबरोबर खाली पडते आणि वाड्यातलं कुत्रं चाटतं. काही जातींच्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं.

## टप्पा ८: गोठा

डोळा बरा झाला तरी डास आणि बैल तिथेच आहेत.

घोडी बैलांपासून वेगळी बांधा. जागा नसेल तर निदान तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंत जाळी लावा आणि पंखा सुरू ठेवा. डास वाऱ्यात उडू शकत नाहीत, त्यामुळे साधा पंखा धुरापेक्षा जास्त उपयोगी. कडुनिंबाचा धूर करायचाच तर घोड्याच्या वाऱ्याच्या दिशेला करू नका, डोळे आधीच चुरचुरतायत. मुताची गटारं वाहती ठेवा. पिंपं आणि टाकून दिलेले टायर पावसाळ्यात दर आठवड्याला उलटे करा.

माशांसाठी लीद रोज उचला. उन्हाळ्यात अंड्यातून माशी व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे "रविवारी एकदम काढू" म्हणजे माश्यांची एक पिढी वाढवणं.

बैलांच्या रक्तातली पिल्लं कमी करायला त्यांनाही औषध देता येतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्याच गोठ्यात दुभती गाय-म्हैस असेल तर ते आधी सांगा, कारण औषध दुधात उतरतं. कोणत्या बैलाच्या रक्तात पिल्लं आहेत हे रक्ताचा थेंब तपासून कळतं. नमुना कुठे पाठवायचा ते आपल्या दवाखान्यात विचारा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी रात्री, घोडी बांधली की, तीच गालाला लावलेली टॉर्च, दोन्ही डोळे, प्रत्येकी दोन मिनिटं.